भुजंगासाठी शेवटचं गाणं

२२ मार्च २०१६, मंगळवार

दुकानात आज श्वास घ्यायला फुरसत नव्हती. उदगीरला नळ यायचा बंद झाल्यापासून माझ्या भांड्याच्या दुकानात ताटवाटीला कुणी हात लावून राहिलं नाही, जो तो पाण्याचा ड्रम मागतो. झाकणाचा पाहिजे, तोटीचा पाहिजे, निळाच पाहिजे. माणसं तहानेनं बेजार आणि माझं दुकान भरलेलं, हे काही बरं वाटत नाही. पण ड्रम विकला नाही तर लोक पाणी साठवतील कशात, अशी मीच माझी समजूत घालतो.

दुपारी भुजंग आला. नांदेड गाडीची ड्युटी संपवून, अंगात कंडक्टरची खाकी तशीच. एरवी हा आला की अख्ख्या दुकानाला कळतं. आज गुपचूप ड्रमांच्या मागं स्टूल ओढून बसला.

मी म्हणलं, "काय रे, साहेबानं झापलं का?"

"अप्पा, गळ्यात गाठ हाय. नांदेडच्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासला. खराब हाय म्हणून राहिलेत. आपरेशन करावं लागतंय. आवाज जाईल."

"कुणाचा आवाज?" मी विचारलं. काय हा प्रश्न! बैल कुठला मी.

"माझा. आनखी कुणाचा?" असं म्हणून हसला.

समोर गिऱ्हाईक ड्रम वाजवून बघून राहिलं होतं, त्याच्यावर ओरडलो. चहा मागवला, तो दोघांनीही घेतला नाही. चार एप्रिलची तारीख दिलीय म्हणाला. लातूरच्या दवाखान्यात पाणी नाही म्हणून आपरेशनं पुढं ढकलतायत, म्हणून नांदेड.

भुजंगाचा आवाज म्हणजे काय, हे लिहून कळायचं नाही. स्टँडवर "देगलूर, नायगाव, नांदेऽड" असं पुकारलं की चौकातला माणूस चहा टाकून पळायचा. मी माल आणायला त्याच्या गाडीनं जायचो. तिकिटं देता देता तो गुणगुणायचा आणि मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसायचो. तिथनं आमची दोस्ती आणि तिथनंच आमचं रविवार मंडळ.

रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं, शिवकांतानं, विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "शिव शिव! मग तारखेची वाट कशाला, उद्याच न्या की." बायकांना सगळ्याची घाई.

२७ मार्च, रविवार

आज मंडळात सांगितलं.

मंडळ म्हणजे आम्ही पाच जण. महादेवप्पाची तेलगिरणी बंद आहे, तिच्या माडीवर आम्ही जमतो. स्पीकर त्याचा, टीव्ही त्याचा, म्हणून अध्यक्षही तोच. आता तो उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणणाऱ्या समितीतही आहे, त्यामुळं घरात बोलतानाही सभेत बोलल्यासारखं बोलतो. निवृत्ती गुरुजी रिटायर झालेले, शब्द एकदम शुद्ध, सूर मात्र शाळेच्या घंटेसारखा. नरसिंग शिंपी मोबाईलवर ट्रॅक, म्हणजे गाण्याची नुसती वाद्यं, लावतो, पट्टी वरखाली करतो. भुजंग गातो. आणि मी.

मी बेसूर आहे. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण माहीत आहे. भुजंग शेजारी उभा असला की माझा आवाज त्याच्या आवाजाखाली लपतो, आणि मला वाटतं मीच गाऊन राहिलो. आठवड्यातनं एक संध्याकाळ मी चांगला गातो, ती त्याच्यामुळं. खरं आहे ते खरं आहे.

आमची एक रीत आहे. शेवटचं गाणं सगळ्यांनी मिळून, उभं राहून, टीव्हीवरच्या शब्दांकडं न बघता म्हणायचं. ते झाल्याशिवाय कुणी जिना उतरायचा नाही. आणि ते कोणतं, हे सगळ्यांनी ठरवायचं. एकाचं जरी "न्हाई" आलं तरी गाणं बाद. पूर्वी शेवटच्या गाण्यावरून महादेवप्पा आणि गुरुजी आठ-आठ दिवस अबोला धरायचे, म्हणून भुजंगानंच हा तोडगा काढला होता.

मी बातमी सांगितली. भुजंग माईकची वायर बोटाला गुंडाळत बसला होता. महादेवप्पा म्हणाला, "याला असा निरोप देऊ की उदगीर याद ठेवील."

मी म्हणलं, "निरोप बिरोप नको. चार तारखेच्या आत याचं एक शेवटचं गाणं. पुढं हा, मागं आपण. पण गाणं असं पाहिजे की त्याच्यापुढं दुसरं गाणं नको."

सगळ्यांना पटलं. भुजंगाला विचारलं, "कबूल?" तो म्हणाला, "तुमी ठरवा."

३० मार्च, बुधवार

चांगुणाबाई दुकानात आली होती, भुजंगाची बायको. मजुरीवरनं तशीच आली असावी, पायाला धूळ. ड्रम घ्यायचा होता. मी आतला चांगला काढून दिला.

ती म्हणाली, "अप्पा, ह्यांना चार तारखेला घेऊन जावा. कायबी झालं तरी. डॉक्टर काय म्हणले ठाव हाय का तुमाला? लवकर आलाव तर..."

"हाव हाव, माहीत आहे," मी म्हणलं. "फिकीर करू नका. आधी मला एक सांगा, घरी हा काय गुणगुणतो? आंघोळीच्या वेळी, जेवताना?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आंघोळीला पानी कुठं हाय, अप्पा?"

"तरी पण. एखादं आवडीचं?"

"घरी गात न्हाईत ते. घरी बोलतेत."

एवढं म्हणून ड्रम रिक्षात टाकून गेली. बाईला गाण्याची गोडी नाही, हे कळलं. एवढा गळा घरात आणि हिला त्याची कदर नाही. वाईट वाटलं भुजंगाचं.

३ एप्रिल, रविवार

डोकं फिरलंय. गाणं ठरलं नाही.

मी नदीचं एक जुनं गाणं सुचवलं, संथ, भुजंगाच्या गळ्यात फार शोभतं. गुरुजी म्हणाले, "या साली नदीचं गाणं? लोक डोक्यात घागर घालतील." बाद. नरसिंगानं कव्वाली काढली. महादेवप्पा म्हणाला, टाळ्या वाजवायचा प्रसंग आहे का हा? बाद. गुरुजींनी निरोपाचं एक काढलं, तर महादेवप्पा उसळला, "माझ्या माडीवर मयताचं गाणं न्हाई चालायचं." आईचं गाणं निघालं तर गुरुजी पहिल्या ओळीलाच रडायला लागले, त्यांची आई मागच्या वर्षी गेली. तेही बाद. भांडता भांडता दिवे लागले.

उद्या तर तारीख. मीच म्हणलं, "भुजंगा, फोन लावून आठ-दहा दिवस पुढं ढकल. डॉक्टर काय पळून जाऊन राहिला का? एकदा आवाज गेला की गेला. शेवटचं गाणं धड झालं नाही तर जन्मभर सल राहील."

नरसिंग म्हणाला, "अय्यो, तारीख कशाला हलवता? ट्रॅक काय, कधीबी लागतो."

"तू पट्टी बघ," मी त्याला दाबला.

भुजंगानं तिथंच फोन लावला. "पाव्हणे आलेत, पुढच्या आठवड्यात येतो," म्हणाला. फोन ठेवल्यावर एकदम मोकळा झाल्यासारखा दिसला, नरसिंगाच्या डब्यातला चिवडाही खाल्ला. बघा, माणसाला गाण्याची केवढी ओढ असते.

मग रीतीप्रमाणं शेवटचं म्हणून एक साधं गाणं म्हणून उठलो. भुजंगाच्या वरच्या सुराला जरा खरखर होती. धुळीनं असेल.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला. गोड काही तोंडाला लागेना.

महादेवप्पा घरी आला, पेढे घेऊन. म्हणतो, "गुरुपादप्पा, मुंबईची पक्की खबर हाय. एक मेला उदगीर जिल्हा जाहीर होऊन राहिला. त्याच संध्याकाळी मैफल ठेवू. जिल्ह्याचं पहिलं गाणं आणि भुजंगाचं शेवटचं गाणं, एकच! गच्चीवर स्पीकर लावू, चौकात ऐकू गेलं पाहिजे."

माझ्या अंगावर काटा आला. याहून मोठा मान कुणाला मिळतो? भुजंगाला फोन केला. तो म्हणाला, "एक मे? चालतंय की." आवाज बसलेला वाटला. गरम पाण्याच्या गुळण्या कर म्हणलं. त्याला पाणी लागतं, हेही खरं.

शिवकांता ऐकून होती. पुरणपोळी ताटात आपटली. "डॉक्टरला विचारलंत का एक मे चालतं का?"

"भुजंगाला चालतंय."

"त्याला तर जन्मभर चालेल. कापून घ्यायची हौस कुणाला असती? तुम्ही त्याला बहाणा देऊन राहिलात."

सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून मी ताटाकडं वळलो. हिला मैफल काय ते कळत नाही. बहाणा म्हणे!

१५ एप्रिल, शुक्रवार

नरसिंगाकडनं एक गोष्ट कळली आणि दिवसभर जिवाला चैन नाही.

काल बाबासाहेबांची जयंती. भुजंगाच्या वस्तीत स्टेज होतं. तिथं तो गायला. ट्रॅक नाही, टीव्ही नाही, एक पेटी आणि ढोलकी. त्याच्या बापानं बांधलेलं गाणं म्हणे. बाप त्याचा गावोगाव फिरून जलसे करायचा. नरसिंग सांगतो, भुजंग असा गायला की म्हाताऱ्या बाया उभ्या राहिल्या, आणि शेवटच्या कडव्याला त्याचा आवाज फुटला, तरी थांबला नाही, लोकांनी उचलून धरलं.

आम्ही इकडं त्याच्यासाठी गाणं शोधून हैराण, आणि हा तिकडं गाऊन मोकळा. मला लई लागलं. खोटं कशाला लिहू, मत्सर वाटला. इतकी वर्षं आमच्यात गातो, एकदा तरी ते गाणं आमच्या माडीवर म्हणला का? मी कधी विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी. पण सांगायचं तरी!

१७ एप्रिल, रविवार

राहवेना म्हणून मंडळाच्या आधी भुजंगाच्या घरी गेलो. सुट्टी टाकून घरीच आहे. गळ्याला मफलर, या उन्हाळ्यात! बोलला ते कुजबुजल्यासारखं, कान जवळ न्यावा लागला.

"रागावलास का अप्पा?"

"मी कशाला रागावू? तू तुझं गाणं म्हणलास, झालं."

"ते माझ्या बापाचं गाणं हाय. म्हणून झालं, आता मी मोकळा झालो बघ."

"आणि आमचं?"

"तुमचं राहिलंय की." हसला, आणि हसता हसता खोकला आला तो थांबेना. मग म्हणाला, "तू इतकं शोधून राहिलास माझ्यासाठी. टाकून कसा जाऊ? आन खरं सांगू का अप्पा, जितके दिवस गाणं घावत न्हाई, तितके दिवस बरं हाय."

माझे डोळे भरून आले. असा दोस्त नशिबाला लागतो. मी त्याचा हात धरून शब्द दिला, असं तसं गाणं आणणार नाही, एक मेपर्यंत जीव तोडून शोधीन. मागच्या दारी चांगुणाबाई भांडी घासत होती. मातीनंच घासत होती. तिनं एक पातेलं असं आदळलं की मी दचकलो.

२४ एप्रिल, रविवार

घावलं! घावलं! घावलं!

सकाळी दुकानापुढं टँकर उभा होता, पोरी-बायांची घागरींची रांग, रोजची मारामारी. ड्रायव्हरनं केबिनमध्ये गाणं लावलेलं. जुनं, प्रवासाचं. रस्ता, सोबती, मुक्काम, असलं. सगळ्यांनी ऐकलेलं, म्हणून कुणी लक्ष न दिलेलं. आणि मला एकदम दिसलं, कंडक्टरला याहून कोणतं गाणं पाहिजे? उड्या मारायचा तेवढा बाकी राहिलो.

संध्याकाळी माडीवर सुचवलं. महादेवप्पा थांबला, "हाव" म्हणाला. गुरुजी "हाव". नरसिंग "हाव". एकाचंही "न्हाई" नाही! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. महादेवप्पानं मला मिठी मारली. नरसिंगानं तिथंच ट्रॅक उतरवला, पट्टी खाली घेतली, भुजंगाला झेपेल अशी.

भुजंग आला नव्हता. फोन केला, चांगुणाबाईनं उचलला. म्हणाली, "बोलता येईना त्यांना. काल रातच्यापून भाकर गिळंना, दुधात कुस्करून दिली."

मी म्हणलं, "बोलू देऊच नका. गळा जपून ठेवा म्हणावं, एक तारखेपर्यंत. गाणं घावलंय!"

तिनं फोन ठेवून दिला. ऐकलं की नाही देव जाणे.

आता अंथरुणावर पडलोय तर झोप नाही. सारखं "गिळंना, गिळंना" आठवून राहिलं. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. बसवेश्वरा, आठ दिवस सांभाळ.

१ मे, रविवार

आज लिहू नये असं वाटतं. पण लिहितो.

सकाळी झेंडावंदनाला सगळे टीव्हीपुढं बसून होते. जिल्हा जाहीर झाला नाही. उदगीरचं नावही कुणी घेतलं नाही. महादेवप्पानं आणलेल्या फटाक्यांच्या माळा गिरणीच्या पायरीवर तशाच. मी म्हणलं, "जिल्हा जाऊ दे खड्ड्यात, आपली मैफल होणार."

सहाच्या सुमाराला भुजंग आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्याला रुमाल. किती वाळलाय! रोज बघणाऱ्याला कळत नाही, मी दोन आठवडे बघितला नव्हता. जिना चढताना दोनदा थांबला. चांगुणाबाई सोबत आली होती, आजवर कधी आली नाही. वर ये म्हणलं तर जिन्यातच बसली.

नरसिंगानं ट्रॅक लावला. सुरुवातीची बासरी झाली. आम्ही उभे. भुजंगानं माईक धरला, डोळे मिटले, तोंड उघडलं.

नुसती हवा. स्पीकरमधनं फस्स असा आवाज आला, हवा सोडलेल्या सायकलच्या चाकासारखा.

नरसिंगानं ट्रॅक थांबवला, पट्टी आणखी खाली घेतली, पुन्हा लावला. पुन्हा तेच. भुजंगाच्या मानेच्या शिरा टरारून आल्या, चेहरा लाल झाला, आणि हवा. तिसऱ्यांदा नरसिंगानं मोबाईल उपडा ठेवला. गुरुजी भिंतीकडं तोंड करून रडत होते. मी ओरडलो, "लाव! अजून खाली घेऊन लाव!" मला वाटत होतं पट्टी खाली घेत गेलं की कुठंतरी त्याचा आवाज सापडेल.

बासरी पुन्हा वाजली. भुजंगानं माईक माझ्या हातात दिला.

मग मी गायलो. काय करणार, रीत आहे. शेवटचं गाणं झाल्याशिवाय कुणी उठत नाही. महादेवप्पा, गुरुजी दोन ओळी म्हणून थांबले, त्यांच्यानं होईना. माझा एकट्याचा आवाज. गच्चीवरचा स्पीकर चालू होता, अख्ख्या चौकानं ऐकला. कसा आहे माझा आवाज, हे आज मला पहिल्यांदा कळलं. भुजंग शेजारी उभा राहून ओठ हलवत होता आणि माझ्या पाठीवर ताल धरत होता. त्यानं ताल चुकवला नाही, मीच चुकलो.

गाणं संपलं. जिन्यातनं चांगुणाबाई उठली. दारात येऊन म्हणाली, "झालं का तुमचं गाणं? आता नेऊ का?"

३ मे, मंगळवार, नांदेड

काल जीप करून आणलं. डॉक्टर भुजंगाच्या घशात बॅटरी टाकून बघत होते, आणि मग बॅटरी टेबलावर टाकून माझ्यावर ओरडले, "महिनाभर कुठं होता तुम्ही? चार तारखेला खाट राखून ठेवली होती!" मी भाऊ आहे समजले असतील. मी पाहुणे आले होते म्हणालो. माझ्याच तोंडाची मला लाज वाटली. परवा आपरेशन.

५ मे, गुरुवार, नांदेड

जीव वाचला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ निघाली, पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलंय. मी म्हणलं, "हो, आवाज जाणार हे माहीतच होतं आम्हाला."

डॉक्टर माझ्याकडं बघून निघून गेले.

मग बाकावर बसलेल्या चांगुणाबाईला मी म्हणलं, "गाणं तर जाणारच होतं, वहिनी. जीव राहिला, बास."

ती म्हणाली, "गानं जानार हुतं. बोलनं न्हाई."

"म्हणजे?"

"लवकर आलाव तर अर्धंच काडू म्हणले हुते डॉक्टर. घोगरा का हुईना, बोलन्यापुरता आवाज ऱ्हाईल. उशीर केलाव तर समदं काडावं लागंल."

"मग मला सांगायचं नाही का तुम्ही!"

"आले हुते की सांगाया, दुकानात. तुमी गानं इचारलाव."

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. साध्या आवाजात म्हणाली, आणि उठून त्याचे कपडे धुवायला पाणी मिळतं का बघायला गेली.

भुजंगालाही माहीत होतं हे. तारीख हलवली तेव्हाही माहीत होतं. तो भ्याला होता. मेल्या, भ्यालास तर मला सांगायचं, मी तुला उचलून नेला असता! आणि मी? मला एवढं दिसत नव्हतं? शिवकांताला दिसलं, नरसिंगाला दिसलं. मी गाणं शोधत होतो. माझ्या डोक्यात दगड घालावा कुणीतरी.

१९ मे, गुरुवार

आज भुजंगाला घरी आणलं.

चांगुणाबाई कालच पुढं आली होती. आज त्यांच्या गल्लीत टँकरची पाळी, पाणी भरलं नाही तर पुढचा आठवडा कोरडा, म्हणून दवाखान्यातनं सुट्टी घ्यायचं काम मी बघितलं. भुजंग वाटेत खिडकीतनं बाहेर बघत होता. मी नायगावपर्यंत बोललो, मग बोलायचं संपलं.

स्टँडवरनं रिक्षा केली. घरापुढं उतरलो तर दार उघडं, माणूस कुणी नाही. मागच्या अंगणात पाण्याची धार ड्रममध्ये पडून राहिली होती, बायांचा कालवा चाललेला. त्यात तिला रिक्षा कशी ऐकू येणार.

भुजंग फाटकात थांबला. मान वर केली, छाती भरली आणि तोंड उघडलं. गळ्यावरच्या पट्टीतनं फुसकन वारा आला. तो तसाच उभा राहिला. मग माझ्याकडं बघितलं आणि हनुवटीनं आत दाखवलं.

मला आधी कळेना. मग कळलं. ड्युटीवरनं आला की तो इथनं हाक मारायचा. "चांगुणे, आलो गं!" चप्पल काढायच्या आधी. मी त्याच्यासोबत कितीदा तरी आलो असेन, दर वेळी ऐकली असेल. ते काही गाणं नव्हतं, म्हणून कधी ध्यानात ठेवलं नाही.

त्यानं पुन्हा हनुवटी हलवली. वाट बघून राहिला होता.

मी हाक मारली. "चांगुणाबाई! भुजंग आला हो!" माझा आवाज फाटला. आतनं कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा ती आली, कोपरापर्यंत ओली, पदराला हात पुसत. माझ्याकडं बघितलं नाही. त्याच्यापुढं उभी राहिली, त्याच्या गळ्याकडं बघत, आणि म्हणाली, "ऐकू आलतं मला. मला वाटलं, दुसऱ्या कुनाच्या घरी कोन आलंय."

भुजंगानं चप्पल काढली आणि आत गेला. मी त्याची पिशवी ओट्यावर ठेवली आणि निघालो.